अक्कांची आखाजी

महिना संपायच्या आदल्या दिवशी मी भाडं द्यायला अक्कांच्या दारात गेले, तर त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

देवपूरला त्यांच्या मागच्या खोलीत राहायला आले, त्याचा तो पहिला महिना. दुसऱ्या दिवशी मला चोपड्याला आईकडे जायचं होतं. निघण्याआधी उरकायच्या कामांची यादी मी तेव्हाही करत असे, आजही करते. दूधवाला, इस्त्री आणि भाडं एवढंच तिच्यात उरलं होतं.

"आज कसाले?" अक्का त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. "आज ते मन्हं नही."

"उद्या मी इथे नसणार, अक्का. उद्याचं आज घ्या."

"उद्यानं उद्या. आज तुन्हा पैसा मन्हा घरमा रातभर काय करी? परकं घरमा ऱ्हायनं का ते जागंच ऱ्हास. मले झोप येत नही."

मला वाटलं, थट्टा करतायत. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडले, तर अक्का अंघोळ करून ओट्यावर बसलेल्या, हात पुढे. "आन आते. आते मन्हं."

त्या घरात मी जवळजवळ चार वर्षं काढली, आणि घरमालकीण म्हणून अक्कांसारखी कटकट मला पुन्हा कुणी दिली नाही. त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. बुटक्या, ताठ, हनुवटीवर गोंदण, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाचं कुत्रं उठून बसावं. यजमान मोजणी खात्यात साखळी धरणारे शिपाई होते. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या, स्वतःचा एक बांध नव्हता. एका उन्हाळ्यात मोजणीवर असतानाच ऊन लागून गेले. मूलबाळ नव्हतं. मागे राहिलं हे तीन खोल्यांचं घर आणि अक्कांची पेन्शन.

माझा चमचा भाजीच्या वाटीतून त्यांच्याकडे गेला तर दिवेलागणीच्या आत परत यायचा. तोही नुसता नाही, चमच्यात गुळाचा खडा ठेवून. वाटी परत करताना तिच्यात काहीतरी घालून द्यायचं, हे आमच्याकडे सगळ्याच बायका करतात. अक्का वर्तमानपत्रसुद्धा रिकामं परत देत नसत. घडीत दोन शेंगा ठेवलेल्या असायच्या. एकदा घरात काहीच नव्हतं, तर माझ्या डब्यात एक लवंग घालून दिली आणि वर म्हणाल्या, "हासू नको. रिकामं नही ना?"

गल्लीच्या तोंडावरचे मारवाडी शेठ त्यांना येताना पाहून तराजू पुसायला घेत. ज्वारी मोजून झाली की अक्का म्हणणार, "शेठ, जास्तीनी टाकी. काढा." शेठ काढायचे. "आजूक काढा." एकदा शेठ वैतागले. "अक्का, गिऱ्हाईक तुम्ही का मी? मापात मारलं म्हणून भांडणारे रोज येतात. तुमच्यासाठी मी वेगळं दुकान काढू का?"

आणि पांझरेच्या पुलावर त्यांनी बस थांबवली होती, त्या वेळी मी बरोबर होते. कंडक्टरने सुटे पैसे जास्त दिले, हे अर्धा पूल ओलांडल्यावर त्यांच्या लक्षात आलं. कंडक्टर गर्दीतून पुढे गेलेला. अक्कांनी उठून घंटीची दोरी ओढली. बस थांबली, मागे ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. कंडक्टर धावत आला, "काय झालं? कोण पडलं?" अक्कांनी नाणं पुढे केलं. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "मावशी, पुढच्या खेपेला घरून मनीऑर्डर करा!" सगळी बस हसली. मी खिडकीबाहेर नदीकडे पाहत राहिले.

पण या बाईचा हिशोब नुसता परत करण्याचा होता, असं नाही. त्यात मुदतही होती. आणि ती मुदत म्हणजे आखाजी.

अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस होतो, ते सगळं आहेच. पण शेतावर वर्षाच्या बोलीने राहणारा सालदार आहे ना, त्याचं साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच सुरू होतं. उचल किती घेतली, धान्य किती द्यायचं राहिलं, जोडा दिला की नाही, जे बोलायचं ते त्या दिवशी बोलून घ्यायचं. अक्कांचे वडील जन्मभर सालदार होते. आखाजी उलटल्यावर ना मालकाने जुनं काढायचं, ना सालदाराने, हे अक्का त्यांच्याकडून शिकल्या होत्या. घरात कुणी काही विसरून गेलं की ती वस्तू त्या चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवत. आखाजीपर्यंत तिला हात लावायचा नाही. आखाजी उलटली, की ज्याला गरज असेल त्याची.

माझे मामा पावसाळ्यात छत्री विसरून गेले. तो सगळा पावसाळा अक्का डोक्यावर पोतं घेऊन बाजारात गेल्या, छत्री कोनाड्यात. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी तीच छत्री उन्हासाठी उघडून ऐटीत निघाल्या. महिन्याभराने मामा आले.

"अक्का, माझी छत्री राहिली होती ना इथे?"

"व्हती. आखाजी गई, आबा. च्या लेवा."

मामांनी चहा घेतला आणि उन्हातून स्टँडवर गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, "खोली चांगली आहे. पण सामान मोजून ठेव."

हे सगळं मला गमतीचं वाटायचं. त्या मार्चपर्यंत.

दुष्काळ सरून दोन-एक वर्षं झाली होती. मी संध्याकाळी कचेरीतून परतले, तर ओट्यावर नाना बसलेले. आमच्याच कचेरीतले वसुलीचे कारकून. तिथून पेन्शनचे कागद फिरत. माझं टेबल आवक-जावकचं, नानांचं शेजारच्या खोलीत. माणूस वाईट नव्हता. मुलीचं लग्न ठरलेलं, दमा, आणि सायकलला नेहमी एक पिशवी लटकलेली. त्यांच्या मांडीवर टाइप केलेला कागद होता. समोर अक्का हात धुऊन, पदराला कोरडे करून, पेन धरून बसल्या होत्या. सही करायची म्हणजे त्या आधी हात धूत.

"या बाई, बरं झालं आलात," नाना म्हणाले. "साक्षीदार म्हणून तुमचीही सही घेऊन टाकू."

मी कागद पाहिला. पेन्शनमधून वसुली करायला संमती देणारा तो कागद होता.

झालं होतं असं. नोकरीत असताना नवरा गेला, तर विधवेला पहिली काही वर्षं पेन्शन चढ्या दराने मिळायची आणि मग ती उतरायची. अक्का आणि त्यांच्यासारख्या आणखी काही बायकांचे कागद मध्येच एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेले, तेव्हा ही दर उतरायची तारीख पुढच्या कागदावर चढवायची राहून गेली. त्यामुळे पुरी दोन वर्षं, तीही नेमकी दुष्काळाची, त्यांना चढाच दर मिळत राहिला. बायकांना काय कळणार? आलेले पैसे त्यांनी रेशनच्या लाल मिलो ज्वारीला आणि रॉकेलला घातले. पुढे तपासणीवाल्यांनी चूक पकडली, पेन्शन उतरली, आणि जास्तीचे पैसे वसूल करा असा शेरा पडला. मग तो शेरा पडूनच राहिला.

आता या गोष्टीला मुदत होती. शासनाचा आदेश होता, की बाईने लबाडी केलेली नसेल आणि शेऱ्यानंतर ठरल्या मुदतीत वसुली सुरू झाली नसेल, तर ती रक्कम सोडून द्यायची. मुदत त्या मार्चअखेर संपत होती. संमतीशिवाय पेन्शन कापायची तर नोटीस, सुनावणी, वरची मंजुरी असं सगळं आलं, आणि त्याला वेळ उरला नव्हता. बाईने स्वतः लिहून दिलं तर मात्र लगेच पहिला हप्ता कापता येत होता. नवीन आलेल्या साहेबांना शेरे निकाली काढायची घाई होती, म्हणून त्यांनी नानांना संमतीचे कागद देऊन घरोघर पाठवलं होतं. आदेश गुपित नव्हता. आमच्या कचेरीत तो सगळ्यांना पाठ होता. नानांनी फक्त तो ओट्यांवर सांगितला नव्हता.

"अक्का, आधी वाचून तर घेऊ," मी म्हणाले.

"नानानी वाची दाखाडं ना. सरकारना पैसा मन्हाकडे जास्तीना उना. तो परत देवाना शे. त्यामा काय वाचानं?"

"मला साक्ष करायची तर मला वाचायला लागेल. आता दमलेय. उद्या."

नानांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तुम्ही अजून कायम झाला नाहीत ना नोकरीत?" मग अक्कांकडे वळून गोड आवाजात म्हणाले, "बरं, मी कागद ठेवून जातो. सवडीने करा सही. सकाळी नेईन."

मी खोलीत गेल्यावर एकट्या अक्का तो कागद काय करतील हे मला दिसत होतं. पण अक्का ताडकन उठल्या.

"ना ना! कागद तुन्हा शे. रातले मन्हा घरमा नको. घी जाय."

नानांनी समजावलं, हसून पाहिलं, चिडून पाहिलं. शेवटी कागद पिशवीत घालून सायकल ढकलत गेले. 

जेवण झाल्यावर मी अक्कांना आदेश समजावून सांगितला. त्या कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी झाकून ठेवत ऐकत होत्या.

"म्हंजे सरकारनी बी आखाजी ऱ्हास?"

"हो. तसंच. या महिन्याच्या शेवटी त्यांची आखाजी आहे. तोवर तुम्ही सही केली नाहीत, तर पुढे कुणी मागू शकत नाही."

"पन तो आखाजीना पहिले मांगाले उना ना?"

मी दुसरं टोक धरलं. मग म्हणाले, "आणि तुमची आखाजी? दुष्काळातला पैसा आहे तो. त्यावर तुमच्या दोन आखाज्या उलटल्या."

"मले कोठे माहीत व्हतं? मामाले छत्री माहीत व्हती. मले हाई आज माहीत पडनं. मन्ही आखाजी आजपासून."

मी शेवटचं काढलं. यजमान गेल्यानंतरचं पहिलं सबंध वर्ष त्यांना एक पैसा मिळाला नव्हता, आणि पुढे मागायला गेल्या तेव्हा 'वेळेत अर्ज केला नाही' म्हणून परत पाठवलं होतं. हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. "ते पैसे सरकारने ठेवलेच ना, अक्का? मग फिटंफाट झाली."

अक्का माझ्याकडे अशा पाहायला लागल्या, जणू मी त्यांच्या चुलीवर पाय ठेवला होता.

"सरकारनी खादं म्हनीसन मी खाऊ?"

त्यांनी डब्यातून नोटा काढल्या, मोजल्या नाहीत, नुसत्या एका फडक्यात बांधल्या आणि ती पुरचुंडी कोनाड्यात ठेवली. "पयला हप्ता," म्हणाल्या. पेन्शनमधून कापला जाणार असताना रोख कशाला, हे सांगण्यात अर्थ नव्हता. परकं म्हटलं की ते कोनाड्यात जायलाच हवं होतं.

नाना रोज येऊ लागले. मी कचेरीत असताना यायचे, त्यामुळे 'वाचायचंय' ही सबब मला रोज ताणावी लागे. अक्कांनी मला शब्द दिला होता की मी वाचल्याशिवाय सही करणार नाहीत. पण तो शब्द किती दिवस पुरणार? संध्याकाळी नाना कागद घेऊन परत जात, सकाळी पुन्हा आणत. गल्लीत हसणं सुरू झालं. "नाना, कागदाचं भाडं किती पडतं हो?"

हसत नव्हती फक्त इंदू.

इंदू अक्कांच्या समोरच्या घरात राहायची. बेलीफची विधवा, तिशीसुद्धा न गाठलेली. दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. तिच्याही नावाचा कागद नानांच्या पिशवीत होता. सकाळी ती शेंगा निवडायला वखारीत जाई. ते आणि पेन्शन मिळून महिना कसाबसा सरायचा. एका दुपारी, सुट्टीचा दिवस होता म्हणून मी घरी होते, ती आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"अक्का, तुम्ही सही करतस का?"

"करसू."

"मंग मी बी करसू."

अक्का चुलीपुढून फिरल्या. "तू कसाले? तुन्हा पोरेसना दूध बंद व्हई. सासूनं औषध? तू करू नको."

"कशी करू नको? तुम्ही सही करी नि मी नही करी, तर गल्ली काय म्हनी? अक्कानी दिधं नि इंदूनी सरकारनं खादं." इंदू रडली नाही, नुसतं पदराचं टोक पिळत राहिली. "नाना मन्हाकडे बी उनात. म्हने, अक्कानी सही व्हऊ दे, मंग तू कर. घाई नही."

अक्कांच्या हातात उलथणं होतं. तवा जळायला लागला तरी त्या हलल्या नाहीत. मीच पुढे होऊन तवा उतरवला.

त्या दिवसापासून त्या बोलायच्या कमी झाल्या. माझा एक पेला त्यांच्याकडे गेला होता, तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आला नाही. मी तो मागितला नाही. मला तेव्हा कळलं की एकट्यापुरतं खरं वागता येत नाही, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी दाखवलं होतं. तोवर त्यांचं खरेपण हे त्यांचं आणि शेठचं, त्यांचं आणि कंडक्टरचं होतं. आता ते समोरच्या घरात शिरत होतं आणि दुधाचं पातेलं उचलून नेत होतं.

मार्चचा शेवटचा दिवस. सरकारी कचेरीत त्या दिवशी काय असतं, ते ज्याने पाहिलंय त्यालाच ठाऊक. बिलांचे ढीग, शिक्क्यांचे धपके, कुणाला पाणी प्यायला फुरसत नाही. सकाळी निघाले तेव्हा नाना ओट्यावर येऊन बसलेच होते. या खेपेला डबा घेऊन. "आज साहेबांनी सांगितलंय, सही घेतल्याशिवाय येऊ नका," मला म्हणाले. आवाजात धमकी नव्हती. "बाई, माझ्या गोपनीय अहवालात काय लिहितील ते मला आताच दिसतंय. मुलीचं लग्न आहे हो वैशाखात."

माझं लक्ष कामात लागेना. मी पाकिटांवर नको ते शिक्के मारले. दुपारी शिपाई आला, साहेब बोलावतायत.

साहेबांनी मान वर न करता विचारलं, "देवपूरच्या त्या बाईंच्या घरात राहता ना तुम्ही?"

"हो."

"मग जा. नानांना जमत नाही. तुमचं ऐकतील. एक झाली की गल्लीतल्या बाकीच्याही होतील. पाचाच्या आत कागद इथे पाहिजेत." मग त्यांनी मान वर केली. "तुमचा कायम होण्याचा प्रस्ताव माझ्याच टेबलावर आहे."

पुलावरून चालत गेले. खाली पांझरेच्या कोरड्या पात्रात कुणीतरी वाळू भरत होतं. मी माझ्या सवयीने मनात यादी करत होते: काय बोलायचं, कोणत्या क्रमाने, आणि काय मुळीच बोलायचं नाही. घर दिसलं तेव्हा त्या यादीत एकही ओळ उरली नव्हती.

ओट्यावर नाना, पुढ्यात कागद, त्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून पेन. अक्का भिंतीला टेकून. हात धुतलेले, अजून ओले. समोरच्या दारात इंदू, कडेवर धाकटा. आज ती वखारीत गेली नव्हती.

"उनी का," अक्का म्हणाल्या. "आते वाच. तुन्हं वाचनं व्हवाले जोयजे."

मी कागद उचलला आणि खरंच वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. सगळं बरोबर होतं. कुठे चूक नव्हती.

"साहेबांनी मला पाठवलंय," मी म्हणाले. "सही आणायला."

नानांनी माझ्या हातातून कागद घेऊन अक्कांपुढे ठेवला. इंदूने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"तू काय सांगस?"

"मी काही सांगत नाही, अक्का. मी निरोप आणलाय."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग समोरच्या दाराकडे. इंदूने डोळे खाली घातले नाहीत. ती भीक मागत नव्हती, हे मला आजही आठवतं. ती फक्त वाट पाहत होती, अक्का जे करतील ते करायला.

अक्कांनी पेन उचललं. नानांनी कागदाखाली डबा सरकवला, सही नीट यावी म्हणून. पेन कागदावर टेकलं. एक निळा ठिपका उमटला. 

मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि आत गेल्या. डबे उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या त्या गुळाचा खडा घेऊन. कागदाची घडी घातली, घडीत गूळ ठेवला आणि नानांच्या हातात दिला.

"ले, नाना. तुन्हा कागद."

"अक्का, सही?"

"कागद तुन्हा व्हता, तो परत दिधा. रिकामा नही दिधा."

"आणि पैसे? ते सरकारचे आहेत ना, अक्का? तुम्हीच म्हणत होता."

"सरकारनाच शेत." त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू आला. "मन्हाकडे शेत. ऱ्हाऊ दे."

नाना त्या घडीकडे पाहत बसले. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उठले, डबा पिशवीत घातला, सायकल घेतली. कोपऱ्यावर पोचल्यावर मला दिसलं, त्यांनी गूळ तोंडात टाकला होता.

मी कचेरीत गेले आणि साहेबांना सांगितलं, सही झाली नाही. त्यांनी 'बरं' म्हटलं. त्या 'बरं'चा अर्थ मला पुढच्याच आठवड्यात कळला. माझी जळगावला बदली झाली आणि कायम होण्याचा प्रस्ताव पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. नानांच्या अहवालात काय लिहिलं गेलं, मला माहीत नाही. मुलीच्या लग्नाचे पेढे मात्र त्यांनी जळगावला पोचवले.

मला निघायला आखाजी होईपर्यंत मुदत मिळाली. आखाजीच्या आदल्या दिवशी पत्रं आली, अक्कांना, इंदूला, बाकीच्यांनाही. जास्तीची रक्कम सोडून देण्यात आली आहे. इंदू ते पत्र छातीशी धरून गल्लीत फिरली. अक्कांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"म्हंजे सरकार झोपनं," म्हणाल्या. "मी जागी."

पुरचुंडी कोनाड्यातच होती. दुसऱ्या दिवशी आखाजी झाली. ती उलटली, की नेहमी कोनाडा रिकामा व्हायचा, तसा झाला. कुणाची पिशवी, कुणाचा कंगवा, सगळं वाटलं गेलं. पुरचुंडीला त्यांनी हात लावला नाही.

"अक्का, इंदूला द्या की."

"ते मन्हं थोडीच शे देवाले?"

संध्याकाळी माझं सामान बांधून झालं. पन्नास वस्तू असोत की पाच, मी यादी केल्याशिवाय गाव बदलत नाही. दारावर टकटक झाली. अक्का. हातात पितळेची वाटी, वाटीत सांजोऱ्या.

"बसमा खाय."

मी सांजोऱ्या डब्यात काढून घेतल्या, वाटी विसळली आणि तिच्यात चिमूटभर साखर घालून त्यांच्यापुढे धरली. चार वर्षांत एवढं तर मी शिकलेच होते. त्यांनी हात मागे घेतला, पहिल्या महिन्यात घेतला होता तसाच.

"ऱ्हाऊ दे."

"अक्का, तुमची वाटी आहे."

"मन्हीच शे. तुन्हाकडे ऱ्हाऊ दे." त्यांनी माझ्या बांधलेल्या सामानाकडे पाहिलं. "मन्हा घरमा परकं शे. तुन्हा घरमा बी ऱ्हाऊ दे. तू बी जागी ऱ्हाय थोडी."

रागाने म्हणाल्या की मायेने, ते मी तेव्हा विचारलं नाही. पुढे जळगावहून दोनदा गेले, दोन्ही खेपेला वाटी बरोबर नेली, दोन्ही खेपेला ती माझ्याच पिशवीतून परत आली. कोनाड्यातलं फडकं धुराने काळं पडलं होतं. तिसऱ्या खेपेला जायच्या आधी इंदूचंच पत्र आलं, अक्का गेल्याचं.

भांड्यांची यादी मी दर दिवाळीला नव्याने करते. पातेली, डबे, ताटं, वाट्या. पितळेची ती वाटी कोणत्याच यादीत नाही, कारण ती माझी नाही. ती वरच्या फळीवर एकटी असते, आणि मी ती रिकामी ठेवत नाही.